आईंची शिवी, नदावचा टूं

नेटा अडीच वर्षांची होत आली तरी एक शब्द बोलत नव्हती, आणि नेमक्या त्याच दिवसांत आमच्या घरात शिव्यांचं रेकॉर्डिंग सुरू झालं.

बोलत नव्हती म्हणजे मठ्ठ नव्हती. फ्रिजचं दार करकरलं की कुठल्याही खोलीतून धावत यायची. पण तोंड उघडायचं ते खाण्यापुरतं. आणि मी द्राक्षाचे चार तुकडे करून देणारी, प्लगच्या भोकांत झाकणं बसवणारी, पोर झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघणारी आई. मला काळजीला एवढं कारण पुष्कळ होतं.

इथे बाळांच्या सरकारी दवाखान्याला ‘तिपत हलाव’ म्हणतात, म्हणजे दुधाचा थेंब. नाव गोड, पण तिथल्या नर्सबाईंच्या भुवया फार हलतात. मागच्या तपासणीला ओरा नावाच्या नर्सने विचारलं, “घरात भाषा किती?”

“मी मराठी, सासूबाई मराठी, नवरा हिब्रू. भांडण असेल तर इंग्लिश.”

“एकच ठेव. हिब्रू. पोरगी गोंधळलीय. पुढच्या खेपेपर्यंत एकही शब्द आला नाही तर आधी कानांची तपासणी, मग मुलांच्या विकासाचं केंद्र.”

त्या दिवसापासून मी नेटाशी हिब्रू बोलायला लागले. मी ठाण्याच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालेली, लग्न करून लोदला आले तेव्हा हिब्रू कशीबशी शिकले. बागेतली चार वर्षांची पोरं माझी हिब्रू दुरुस्त करत. तिला पोटाशी धरून काही लाडाचं बोलायला जावं तर बँकेत खातं उघडायला आल्यासारखं वाटे. ‘माझी छकुली, माझी सोनपापडी’ हे तोंडाशी यायचं आणि मी ते गिळून टाकायचे. ओराच्या भुवया दिसायच्या ना.

सासूबाईंना हे सांगणं त्याहून कठीण गेलं. त्या कोकणातल्या ज्यू, मूळच्या झिराडच्या, लग्नानंतर भायखळ्याच्या, आणि तिथून नवऱ्याचा हात धरून लोदला आलेल्या. त्यांनी हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“नदाव लहान होता तवा इस्कुलातली टीचर बोलली, घरात मराठी नको. बंद केली. आता नातीच्या पाळीला पण बंद? मग मी बोलू कोणाशी गो, भिंतीशी?”

“थोडे दिवस, आई. तपासणी होईपर्यंत.”

“तिचा आजा चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता. मंग जो बोलायला लागला तो मरेपर्यंत थांबला नाय. डोकं उठवलं माझं.” पण नेटासमोर त्या खरंच गप्प झाल्या. हिब्रू त्यांना येई ती भाजीवाल्यापुरती. नातीकडे बघायच्या, गालावरून हात फिरवायच्या आणि ओठ मिटून घ्यायच्या. ते बघवत नव्हतं.

नदाव, म्हणजे माझा नवरा, इथेच जन्मलेला. टीचरचं ऐकल्यामुळे त्याची मराठी ताटापुरती उरली: भात, आमटी, पाणी, ये, बस. दिवसा तो एका कंपनीत कॉम्प्युटर सांभाळायचा आणि घरी आल्यावर त्याचा आतेभाऊ एलियोर याच्याबरोबर गेम बनवायचा. दोन हजार चार साल होतं. दुकानांतल्या गेममधली माणसं अगदी सिनेमातल्यासारखी चालायला लागली होती. या दोघांना मात्र त्यांच्या लहानपणचा गेम हवा होता: जाड चौकोनी ठिपक्यांची माणसं, हळूहळू चालणारी, माउसने टिचकी मारली की काहीतरी खोचक बोलणारी. गोष्ट अशी की एक गलबत कोकणाच्या किनाऱ्यावर फुटतं, एक खलाशी वाचतो, आणि किनाऱ्यावर तेलाचा घाणा चालवणारी एक म्हातारी त्याला भेटते. खलाशाने चुकीच्या वस्तूला हात लावला की म्हातारी शिवी देते. शिवीवर टूंऽऽ.

“टूं कशाला?” मी विचारलं. “शिवीच काढून टाका की.”

“टूं हाच तर विनोद आहे,” नदाव म्हणाला. “शिवी ऐकून एकदा हसतात. टूं ऐकून प्रत्येक जण आपापली शिवी आत भरतो.”

“आणि हिब्रूत द्यायला शिव्या आहेत कुठे?” एलियोर म्हणाला. “सगळ्या अरबीतून नाहीतर रशियनमधून उसन्या आणलेल्या. सुझॅन, आपल्याकडे घरचा माल आहे.”

घरचा माल स्वयंपाकघरात कोथिंबीर निवडत होता.

मला वाटलं आई झाडूने मारतील. त्यांनी विचारलं ते एवढंच, “मराठीत बोलायचं ना?”

“फक्त मराठीत, इमा,” नदाव म्हणाला. इमा म्हणजे हिब्रूत आई.

“मंग बोलते.”

आमच्याकडे, म्हणजे इथल्या नव्या इमारतींत, प्रत्येक घरात एक जाड भिंतींची खोली असते. रॉकेट आलं तर बसायला. तिला ममाद म्हणतात आणि एरवी तिच्यात इस्त्रीचे कपडे असतात. नदावने ती रिकामी केली, पण काँक्रीटमध्ये आवाज घुमायला लागला. तेव्हा आईंनी भायखळ्याहून आणलेल्या गोधड्या काढल्या आणि चारी भिंतींना टांगल्या. त्यांच्या नऊवाऱ्यांच्या त्या गोधड्यांत माइक उभा राहिला.

मी अट घातली: एकही उघडी शिवी ममादच्या बाहेर येता कामा नये. नदाव म्हणाला, “तू आत बस ना. तुला कळतं, कुठे टूं टाकायचा ते तूच खुणा करून सांग.”

“मी? मी असलं ऐकणार नाही. आणि नेटाला कोण बघणार?”

रेकॉर्डिंग सुरू झालं की मी नेटाला घेऊन बागेत जायचे. तिथे तिला घसरगुंडी दाखवून हिब्रूत म्हणायचे, “घसरगुंडी. उंच. निळी.” ती माझ्याकडे अशी बघायची, की हे मला दिसतंय, तू का सांगतेस?

आत काय चाललंय ते मला एलियोरकडून कळायचं. पहिल्यांदा त्यांनी आईंना सांगितलं, शिवीच्या जागी नुसतं थांबा. तर त्या शब्द विसरल्यासारख्या वाटल्या. मग सांगितलं, तिथे तुम्हीच टूं म्हणा. तर आगगाडी आल्यासारखं झालं. शेवटी नदावने कबूल केलं की शिवी पुरी आणि खरी द्यायला हवी. आवाजाला चढ येतो, उतार येतो, तो खोटा करता येत नाही. शिवी रेकॉर्ड करायची आणि मग तिच्यावर टूं बसवायचा, तोही सगळी शिवी बुडवणारा नाही. पहिलं अक्षर आणि शेवटचं शेपूट उघडं ठेवायचं. “सगळंच झाकलं तर कोणी काही बोललं हेच कळत नाही,” तो जेवताना मला समजावत होता, आणि मी नेटाच्या कानांवर हात ठेवून ऐकत होते.

पण आई अडून बसल्या. “मोकळी शिवी द्यायची नाय. माणूस बघून द्यायची, नायतर ती फिरून घरातच येते. आणि त्याचा कायतरी गुना पायजे. फुकटची शिवी पाप.”

मग काय, समोर एलियोर बसला, गुन्हेगार म्हणून. प्रत्येक वाक्याआधी त्याने एक गुन्हा कबूल करायचा. पहिल्या दिवशी त्याने खरे सांगितले: बायकोला न सांगता मोटरसायकल घेतली, सिनेगॉगमध्ये झोपला, मलिद्याच्या, म्हणजे नवसाच्या गोड पोह्यांच्या, ताटातलं खोबरं प्रार्थनेआधी खाल्लं. दुसऱ्या दिवशी गुन्हे संपले. तो घरून नवे करून यायला लागला.

“आज काय केलंस रे?” आई विचारत.

“मामी, शेजाऱ्याची गाडी अडेल अशी माझी लावून आलोय.”

“अजून हाय तिथेच?”

“आहे.”

“बस तर.”

आणि शिवी दिल्यावर त्याला तसाच सोडायचा नाही, हाही त्यांचा नियम. कडाकडा बोटं मोडून त्याची दृष्ट काढायची आणि खायला घालायचं. नदावला त्यातला प्रत्येक आवाज इतका आवडला की त्याने काहीच कापलं नाही. एलियोरचं वजन त्या महिन्यात दिसण्याइतकं वाढलं.

नदावने रात्री एकट्याने टूं बसवलेली पहिली सीडी तयार झाली तशी तो नेटाला मांडीवर घेऊन तो गेम खेळायला लागला. संध्याकाळच्या पाळीला मी विमानतळावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसायचे, लोकांच्या बॅगांचे रंग इंग्लिशमध्ये लिहून घेत. फोन करून विचारायचे, “काय करतेय?” तो म्हणायचा, “गेम बघतेय. फार आवडलाय. म्हातारी आली की टाळ्या वाजवते.”

“सगळं झाकलंय ना?”

“सुझॅन, दुधासारखं स्वच्छ.”

तपासणीचा दिवस उजाडला. मी नेटाच्या सँडलचे पट्टे लावत होते आणि आत नदावने शेवटचं एकदा म्हणून गेम लावला. खलाशाने घाण्याला हात लावला. म्हातारी बोलली. आईंचाच आवाज, सिनेगॉगमध्ये बोलावं तसा मऊ, हसरा (पहिल्या शब्दातले ठिपके माझे, गेममध्ये तो पुरता होता):

“भ…च्या, माझ्या घाण्याला हात लावतोस?” आणि मग एकदम कडाडून: “ये, टूंऽऽ! टूंऽऽ वर आली तुझी, टूंऽऽ मेल्या!”

मी सँडल हातात घेऊन आत गेले. “हे काय आहे?”

“काय?”

“पहिला शब्द! तो उघडा का आहे?”

नदाव गोंधळला. “तो? ती तर किती प्रेमाने बोलतेय. मला वाटलं खलाशाचं स्वागत करतेय. शिव्या पुढे आहेत, ओरडून दिलेल्या. त्या सगळ्या झाकल्या.”

“पुढे ती काय म्हणतेय माहितेय? आई रोज म्हणतात तेच! ये, गिळ चार घास! हाडं वर आली तुझी, जेव मेल्या! ती त्याला जेवायला बोलावतेय, नदाव!”

“जेव मला कळतं. त्या ओरडण्यात जेव ऐकू आलं नाही.”

“होतं! तुझ्या टूंखाली!”

त्याने पुन्हा लावलं. मग दुसरं वाक्य लावलं, मग तिसरं. सगळीकडे तेच. भलभलते शब्द लोण्यासारखे उघडे, आणि ‘बाळा’, ‘वाळलास’, ‘पोटभर’, ‘देव तुझं भलं करो’ यांच्यावर सणसणीत टूं. आई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“ओरडून शिवी कोण देतं?” त्या शांतपणे म्हणाल्या. “घरात मामंजी असायचे, पाळण्यात पोर असायचं. शिवी हळूच द्यायची, ज्याची त्याला. वरडायचं ते जेवायला. आगरात गेलेला माणूस हळू हाक मारून येतो होय?”

मी नेटाकडे बघितलं. ती आजीकडे बघत होती, अगदी मन लावून. माझ्या डोक्यात हिशेब झाला: मी मराठी बंद केली, आईंची बंद केली. या पोरीच्या कानावर गेले कित्येक दिवस मराठी म्हणून जे पडलंय ते एवढंच. आयुष्यात पहिल्यांदा मी मनातल्या मनात म्हटलं, बरं झालं, ही बोलत नाही.

तिपत हलावमध्ये ओरा नव्हती. तिच्या जागी पन्नाशीची एक सावळी, रुंद खांद्यांची बाई होती. छातीवरच्या पट्टीवर ‘तिकवा’ लिहिलेलं. तिने नेटाचं वजन केलं, उंची घेतली, आणि ओराने लिहिलेलं वाचून टेबलावर चित्रं मांडली. कुत्रा, चेंडू, केळं.

“हे काय आहे, माझी राणी?” तिकवाने हिब्रूत विचारलं.

नेटाने केळ्याकडे बघितलं, आणि माझ्या पिशवीतून आपलं शेंगदाण्याच्या कुरमुऱ्यांचं पाकीट ओढून काढलं.

“आधी चित्र, मग खाऊ,” तिकवा म्हणाली आणि पाकीट तिच्या हातातून काढून घेतलं.

नेटाने मान वर केली. ओठांवर हसू आलं. ते हसू मी ओळखलं, आईंच्या आवाजातलं. ती मऊ, समजूतदार आवाजात बोलली. आणि मला एवढ्या जोराचा खोकला आला की बाहेर बसलेलं एक बाळ रडायला लागलं.

खोकला आला कसला, मीच काढला. नेमका त्या शब्दावर, सुरुवातीपासून शेपटापर्यंत.

तिकवाने विचारलं, “काही म्हणाली का ती?”

“नाही, काही नाही,” मी म्हणाले.

“बरं.” तिने पेन उचललं. “म्हणजे अजून एकही शब्द नाही. कानांच्या तपासणीची वेळ घेऊ या. आणि तोपर्यंत घरात फक्त हिब्रू, हे चालू ठेव.”

पेन कागदाला टेकलं. सगळंच झाकलं तर कोणी काही बोललं हेच कळत नाही. माझी पोरगी बोलली होती. अडीच वर्षं ज्याची वाट बघितली ते घडलं होतं, आणि मी त्यावर खोकले होते.

“थांब! बोलली ती. आत्ता बोलली.”

“काय बोलली?”

“ते… सांगण्यासारखं नाही.”

तिकवाने पेन खाली ठेवलं नाही. “हे बघ, सगळ्या आया म्हणतात, घरी बोलते, आत्ता बोलली. मी ऐकल्याशिवाय लिहिणार नाही. तिला पुन्हा म्हणायला लाव.”

“नेटा, पुन्हा म्हण.” नेटा केळं बघत होती. “म्हण ना, मघाशी काय म्हणालीस?” केळंच. मी हिब्रूत म्हटलं, इंग्लिशमध्ये म्हटलं. आणि मग मला गोधड्यांची ती खोली आठवली. मोकळी शिवी द्यायची नसते. माणूस लागतो, गुन्हा लागतो.

“तुला काहीतरी वाईट करावं लागेल,” मी तिकवाला म्हणाले.

“काय?”

“तिचा खाऊ खा. तिच्यासमोर. सावकाश.”

तिकवाने माझ्याकडे बघितलं. या बाईलाच आधी कुठल्या तरी केंद्रात पाठवावं असं तिला वाटलं असणार. पण तिने पाकिटात दोन बोटं घातली, एक कुरमुरा काढला, नेटाच्या डोळ्यांत बघत तोंडात टाकला आणि कुर्रर्रकन चावला.

मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. घशात खोकला तयार होता. तो मी गिळला.

“भ…च्या,” नेटा म्हणाली. स्वच्छ, मऊ, प्रत्येक अक्षर जागच्या जागी. “हात लावतो?” आणि मग टेबलावर मूठ आपटून, दवाखाना दणाणेल अशा आवाजात: “ये! टूंऽऽ! टूंऽऽ मेल्या!”

तिकवाचं चावणं थांबलं. तोंडातला कुरमुरा तिने कसाबसा गिळला. मी जमीन दुभंगायची वाट बघत होते.

“अगो बाय माजे,” ती मराठीत म्हणाली. “ही शिवी माझी आई गेल्यापासून ऐकली नव्हती. तुमी कुठले?”

“सासूबाई झिराडच्या,” मी म्हणाले.

“तरीच! आमची आई अष्टमी गावची. बापूस कोळणीशी भाव करायला गेला नि फसून आला की अश्शीच द्यायची, हसत हसत.” तिने डोळे पुसले. “पण ते मधेच टूं टूं काय करते?”

मी सगळं सांगितलं. गेम, एलियोरचे गुन्हे, नदावची ताटापुरती मराठी. तिकवा हसता हसता खुर्चीवरून घसरायची बाकी राहिली. मग तिने पेन घेतलं आणि पुन्हा नर्स झाली.

“ऐकू चांगलं येतं, ते टूंसुद्धा बरोब्बर त्याच सुरात काढते. प्रश्न विचारला. समोरचं माणूस बघून, कारण बघून बोलली. कसली कानांची तपासणी?”

“आणि भाषा? एकच ठेवायची ना?”

“तुझी हिब्रू मी आत्ताच ऐकली,” तिकवा म्हणाली. “पोरीने गप्प बसायचं नाय तर काय करायचं? घरी जा आणि तुझ्या भाषेत बोल तिच्याशी. आजीला पण बोलू दे. फक्त ती पयली ओळ जरा मागे ढकला, गनमध्ये जायच्या आधी.” गन म्हणजे इथली बालवाडी.

“तुम्ही काय लिहिलंत?”

तिने कागद माझ्याकडे फिरवला. हिब्रूत लिहिलं होतं: ‘वाक्यं बोलते. मायबोली स्पष्ट.’ उरलेलं पाकीट तिने नेटाला परत दिलं आणि वर बोटं मोडून तिची दृष्टही काढली.

घरी आल्यावर आईंनी दारातच विचारलं, “काय बोलली नर्स?”

“नर्सचं सोडा, आई. नेटा बोलली.”

“काय बोलली?”

मी त्यांच्या कानात सांगितलं. आईंनी आधी तोंडावर हात नेला, मग छातीवर. “माझी बाय ती,” त्या म्हणाल्या, आणि नेटाला उचलून जे बोलायला लागल्या ते कितीतरी वेळ थांबल्याच नाहीत. तिच्या आज्याचं सांगत होत्या तसंच.

संध्याकाळी मी ममादमध्ये बसले. गोधड्यांच्या मधोमध, कानांवर हेडफोन लावून, नदाव शेजारी. आईंची एकेक शिवी मी पुरती ऐकली. तिथे बोट वर करायचे, इथून इथपर्यंत, पहिलं अक्षर सोड, शेपूट सोड. आणि ‘गिळ’, ‘हाडं’, ‘वाळलास’, ‘बाळा’ आलं की म्हणायचे, हे उघड. नदाव प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारत होता. काही वाक्यांनंतर त्याने विचारणं बंद केलं आणि नुसता ऐकत राहिला. “ती मला असंच ओरडायची,” तो म्हणाला. “मला वाटायचं रागावलीय.”

जेवायला मी खिचडी केली होती. नेटाला भरवता भरवता मी इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं बोलत सुटले, छकुली काय नि सोनपापडी काय. माझं ताट तसंच राहिलं. नेटाने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या ताटाकडे. तिने आपल्या वाटीतला घास उचलला, अर्धा फ्रॉकवर सांडत माझ्या तोंडाशी आणला.

“टूंऽऽ!” ती माझ्यावर ओरडली. “टूंऽऽ मेल्या!”

मी मुकाट्याने तोंड उघडलं आणि जेवले.